पायाखालचा कागद

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याने जाताना लिहिलेला कागद पायाखाली आला, तर तुम्ही काय करता? तुमच्यापैकी पुष्कळजण तो उचलत असतील, डोळ्यांना लावत असतील आणि एखाद्या उंच जागी ठेवून देत असतील. मीही तेच करते. ही सवय मला शाळेने लावली नाही, माझ्या दादीने लावली.

दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. दुकानातून साखरेची पुडी आली, की ती साखर डब्यात ओतायची, पुडीचा दोरा बोटाला गुंडाळून ठेवायची आणि तो कागद मांडीवर घेऊन तळहाताने सपाट करायची. मग तो कागद भिंतीतल्या कोनाड्यात जाई. कागद उर्दूचा आहे की मराठीचा, त्यावर दुआ आहे की टॉनिकची जाहिरात, हे तिला कळत नसे. म्हणून ती सगळेच कागद जपून ठेवी. "कागज पे पाँव नको रखो," असे ती आम्हांला बजावत असे. आता पाहा, या एका दखनी वाक्यातला 'नको' हा शब्द मराठी आहे आणि मराठीतला 'कागद' हा शब्द फारसीतून आलेला आहे. दौत, शाई, लिफाफा, दप्तर, रद्दी हे शब्दही आपण दोन्ही भाषांत सहज वापरतो. कागदाच्या बाबतीत या दोन भाषांचे फार जुने येणे-जाणे आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आमचे घर लोहाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, असे ते घर होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. पण आपल्या तालुक्यातल्या सास्तूरनेही तेवढेच सोसले आहे. तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातले काही आठवत नाही. जे सांगते आहे, ते घरी ऐकलेले आहे.

आमचे दादा त्या पहाटे गेले. मराठी घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. इथे मात्र मी आपल्या घरातला दादा म्हणते आहे, म्हणजे आजोबा. ज्या भिंतीत कोनाडा होता, तीच भिंत पडली होती. पुढे काही आठवड्यांनी दगड-माती उपसताना चाचांना त्या कोनाड्यातले कागद सापडले. चिखलात दबून त्यांची एक वीटच झाली होती. दादीने ती वीट सावलीत वाळवली आणि सुईच्या टोकाने एकेक कागद सोडवला. त्याला किती दिवस लागले, ते कुणी मोजले नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना ती दुपारभर हेच काम करीत असे, असे अम्मी सांगत असे.

मी तिसरीत गेले आणि मला जोडाक्षरे वाचता येऊ लागली, तेव्हा दादीने ते गाठोडे माझ्यापुढे ठेवले. त्यात दादांची पोस्टकार्डे होती. दादा पूर्वी सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होते आणि तिथून उर्दूत पत्रे लिहीत. ती पत्रे तेव्हा शेजारचे कुणीतरी दादीला वाचून दाखवी. आता वाचणारी घरातच तयार झाली होती. मी मोठ्या उत्सुकतेने पहिले पत्र वाचले. त्यात काय होते म्हणता? पंचवीस रुपये पाठवले आहेत, म्हशीकडे लक्ष द्या, पावसाचे कळवा. बस, एवढेच! दादी मात्र तेच पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेई.

पोस्टकार्डांबरोबर त्या गाठोड्यात खताच्या पावत्या होत्या, एस. टी. ची जुनी तिकिटे होती, लग्नाची अर्धी पत्रिका होती, मराठी बालभारतीचे एक पान होते आणि साबणाचे वेष्टनही होते. दादीच्या लेखी सगळ्यांची किंमत एकच होती.

हे सगळे मी तुम्हांला का सांगते आहे? कारण चार वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कागदाचीच होती.

मी तेव्हा सातवीला मराठी आणि कार्यानुभव असे दोन विषय शिकवत होते. केंद्रप्रमुख शाळा पाहायला येणार होते. आम्ही 'टाकाऊपासून टिकाऊ' असे प्रदर्शन भरवायचे ठरवले. तुम्हांला हे प्रदर्शन माहीतच आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीची फुलदाणी, आइसक्रीमच्या काड्यांचे घर, नारळाच्या करवंटीचा वाडगा. दरवर्षी तेच. मी मुलांना सांगितले, की वस्तू सुबक हवी आणि तिचा काहीतरी उपयोग हवा.

वर्गातल्या एका मुलाने चपलांच्या खोक्याचे झाकण आणले. त्याचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करीत. त्या झाकणावर गव्हाच्या पिठाच्या खळीने त्याने कागद चिकटवले होते: सिमेंटच्या पोत्याचा जाड तपकिरी कागद, बिडीच्या बंडलावरचे लेबल, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, काडेपेटीची चित्रे आणि मधोमध एका ओळीत एस. टी. ची तिकिटे. खळ जागोजाग वर आली होती आणि तिला एक मुंगीही चिकटली होती.

"हे काय आहे?" मी विचारले.

तो गप्प उभा राहिला.

"याचा उपयोग काय? यात ठेवायचे काय?"

तरीही तो गप्पच. माझ्या तासाला मराठीतच बोलायचे, असा माझा नियम होता. कडक नियम होता. त्याचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. मी ते झाकण टेबलाखाली सरकवले आणि पुढच्या मुलीची फुलदाणी हातात घेतली. संध्याकाळी वर्ग झाडून घेताना ते झाकण कचऱ्याबरोबर गेले. शाळेच्या मागे कचरा पेटवतात, तिथे तेही जळाले. ज्याने झाडले, त्याचा काय दोष? कचऱ्याच्या जागी मीच ते ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा टेबलापाशी आला. "आपा, माझं झाकण?"

मी म्हणाले, "दुसरं बनव. कागदांना काय तोटा?"

तेव्हा मात्र त्याला मराठी सापडले. "त्यात सोलापूरचं तिकीट होतं," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

पुढे पुष्कळ दिवसांनी, मधल्या सुट्टीत, मी त्याला त्या तिकिटाबद्दल विचारले. या वेळी म्हटले, तुला हव्या त्या भाषेत सांग. वडिलांबरोबर तो पहिल्यांदाच सोलापूरला गेला होता आणि त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा रेल्वे पाहिली होती. आपल्या लोहाऱ्यात रेल्वे नाही, हे तुम्ही जाणताच. ती तिकिटांची ओळ म्हणजे डबे होते. काडेपेटीवरची चित्रे खिडक्यांतून दिसणारी माणसे होती. चांदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या रूळ होते. मी तीन प्रश्न विचारले होते आणि एकदाही नीट पाहिले नव्हते. ज्या घरात साबणाचे वेष्टनसुद्धा जपले जात होते, त्या घरातली मी!

त्यानंतर मी थोडे वाचले, थोडी चित्रे शोधून पाहिली. असे कागद चिकटवून काम करणारे मोठे चित्रकार कोण झाले, ते मला बघायचे होते. जे सापडले, ते तुम्हांला सांगते.

कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राला 'कोलाज' म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ साधा आहे: चिकटवणे. इ. स. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या दोन चित्रकारांनी वर्तमानपत्राचे आणि भिंतीला लावायच्या कागदाचे तुकडे आपल्या चित्रांत चिकटवायला सुरुवात केली. पण मला त्यांच्यापेक्षा जवळचा वाटला तो जर्मनीतला कुर्ट श्विटर्स. तो हॅनोव्हर शहरात राहत असे. पहिले महायुद्ध संपले होते, त्याचा देश मोडून पडला होता. तेव्हा हा माणूस रस्त्यावरचे तुकडे गोळा करू लागला: ट्रामची तिकिटे, वेष्टने, दोरे, लाकडाचे ढलपे, तारा. त्यांतून त्याने चित्रे केली. एका बँकेची जाहिरात फाडताना 'कोमर्झ' या शब्दातला 'मेर्झ' एवढाच तुकडा उरला. त्याला काही अर्थ नव्हता. श्विटर्सने तेच आपल्या साऱ्या कामाचे नाव ठेवले. आपल्या घरातच तो वर्षानुवर्षे असे एक बांधकाम वाढवत होता. १९४३ साली बाँबहल्ल्यात ते घर गेले. तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. तिथेच १९४८ साली तो वारला. घर गेले, पण तिकिटे चिकटवलेली ती लहान लहान चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आजही आहेत. कागद पिवळा पडला आहे, इतकेच.

ट्रामची तिकिटे आणि एस. टी. ची तिकिटे! मी वाचत होते आणि शाळेमागच्या त्या राखेची मला आठवण येत होती.

पण इतक्या दूर कशाला जायचे? आपल्याजवळचे पंढरपूर घ्या. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. आई लहानपणीच गेली. तरुणपणी ते मुंबईत आले आणि सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरू लागले. मुलांसाठी लाकडी खेळणीही त्यांनी बनवली. पुढे ते देशातले सर्वांत प्रसिद्ध चित्रकार झाले. त्यांचे घोडे तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी वाद पुष्कळ झाले. त्यांत मी इथे शिरत नाही.

१९९२ साली हुसेन यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात 'श्वेतांबरी' नावाचे प्रदर्शन केले. लोक चित्रे बघायला गेले आणि पाहतात तो काय, चित्रे नाहीतच! दालने पांढऱ्या कापडाने झाकलेली आणि जमिनीवर फाडलेल्या वर्तमानपत्रांचे तुकडे पसरलेले. त्याच वर्षी कोलकात्यात त्यांनी लोकांसमोर काही दिवस चित्रे रंगवली आणि शेवटी त्यांवर स्वतःच पांढरा रंग फिरवला.

खरे सांगू? 'श्वेतांबरी'चे वर्णन वाचून माझ्या मनात पहिल्यांदा दादीच आली. ती त्या दालनात गेली असती, तर पदर खोचून सगळे तुकडे गोळा करीत बसली असती. पायाखाली छापील कागद! हुसेन यांना काय म्हणायचे होते, याचे पुष्कळ अर्थ लावता येतील. रोज सकाळी आपण ज्या बातम्या इतक्या गंभीरपणे वाचतो, त्या संध्याकाळी रद्दी होतात, हा एक अर्थ मला सुचतो. तरी माझे मन पूर्णपणे मानत नाही. आणि तुम्ही मानलेच पाहिजे, असेही नाही. मोठ्या कलावंताचे सगळेच काम आपल्याला आवडलेच पाहिजे, असा नियम कुणी केलेला नाही.

मात्र एक गोष्ट मी पुन्हा विचारात घेतली. आपल्याकडे मोहरममध्ये ताबूत बनतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, चमकी, खळ. कितीतरी गावांत हिंदू आणि मुसलमान दोघांचेही हात त्या कामाला लागतात. रात्र रात्र जागून कागदाची जाळी कातरतात. आणि दहाव्या दिवशी? तो ताबूत थंड करतात. एवढे कष्ट घेऊन बनवलेले ठेवून देत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने बांधतात. म्हणजे जे टिकत नाही, तेही मन लावून करायचे असते, हे आपल्या गावातल्या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही. मी मात्र वर्गात 'टिकाऊ, टिकाऊ' करीत बसले होते.

आता ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, त्या झरीना. झरीना हाश्मी. आपल्या चित्रांच्या जगात त्या नुसते 'झरीना' एवढेच नाव लावत. त्या महाराष्ट्रातल्या नव्हेत. त्यांचा जन्म १९३७ साली अलीगढचा. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहास शिकवत. झरीना शिकल्या गणित. पती परदेश खात्यात होते, म्हणून गावोगावी नव्हे, देशोदेशी राहणे झाले: बँकॉक, पॅरिस, दिल्ली, टोकियो. शेवटी त्या न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. पॅरिसमध्ये त्या ठसे छापण्याची कला शिकल्या.

दिल्लीत असताना त्या लाकडाचे टाकलेले तुकडे घेत, एकमेकांशेजारी मांडत, त्यांना शाई लावत आणि कागदावर दाबून ठसा घेत. लाकडाच्या रेषा, फटी, तुटलेल्या कडा, सगळे कागदावर उमटे. सुताराच्या दुकानासमोर पडलेले तुकडे तुम्ही चुलीत घालता. तेच तुकडे इथे शाईत बुडाले.

पुढे १९७५ च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली. शाईच सोडून दिली. पांढरा कागद घ्यायचा आणि सुईने टोचत जायचे. शेकडो भोके, ओळीने. कागद सपाट राहत नाही. टोचलेल्या जागी तो किंचित वर येतो आणि प्रकाश तिरपा पडला, की त्याच्या सावल्या दिसू लागतात. चित्र म्हणजे एवढेच: कागद, सुई आणि उजेड. हे मी वर्गात करून पाहिले. वहीचे कोरे पान घडी केलेल्या सतरंजीवर ठेवा आणि सुईने मागच्या बाजूने टोचा. मग ते पान खिडकीशी धरा. तुम्हीही करून पाहा, पण पान टोचा, बोट नव्हे! आमच्या वर्गात दोघांनी दोन्ही केले.

१९८० च्या सुमारास त्यांनी कागदावर काम करण्याऐवजी कागदच घडवायला घेतला. कागदाचा ओला लगदा साच्यात ओतायचा, त्यात मातीसारखे रंग मिसळायचे आणि वाळू द्यायचे. निघणारी वस्तू दगडासारखी दिसते, पण असते कागदाची. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कागद बनवण्याची ही विद्या इतर स्त्रियांनाही शिकवली.

आणि उर्दू! त्यांच्या घरचे लोक पाकिस्तानात गेले होते. बहीण राणी कराचीत राहत होती. राणी उर्दूत पत्रे लिही; पण काही पत्रे तिने टपालात टाकलीच नाहीत. आई-वडिलांचा मृत्यू, विकलेले घर, असल्या बातम्या पाठवायला हात धजत नाही. पुष्कळ वर्षांनी ती पत्रे झरीनांच्या हाती आली. २००४ साली त्यांनी त्या पत्रांवरून ठसे केले. राणीचे अक्षर जसेच्या तसे ठेवले आणि त्यावर नकाशांच्या आणि घरांच्या आराखड्यांच्या काळ्या रेषा छापल्या. त्याआधी १९९९ साली त्यांनी ३६ लहान ठशांचा एक संच केला होता. प्रत्येक ठशात एक शब्द उर्दूत लिहिलेला आणि त्याचे साधे काळे रेखाचित्र. घर, उंबरठा, दार, भिंत, असे शब्द. अमेरिकेतले लोक ते चित्र म्हणून बघतात. त्यांना ती लिपी वाचता येत नाही. तुम्हांला येते. जगातल्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लावलेले चित्र लोहाऱ्यातला सातवीतला मुलगा उभ्या उभ्या वाचू शकतो, हे किती नवलाचे आहे!

मी पडद्यावर 'दीवार' हा शब्द वाचला आणि थोडा वेळ पुढे गेले नाही. आमची भिंत मला आठवत नाही, असे मी वर म्हटले. ती मी कधी पाहिली, असे मला वाटत नव्हते. त्या काळ्या रेषा बघताना मात्र कोनाडा कुठल्या उंचीवर असेल, तो किती खोल असेल, हे मी मनाशी मोजू लागले.

झरीना २५ एप्रिल २०२० रोजी लंडनमध्ये वारल्या. त्या वेळी आपण सगळे टाळेबंदीत घरी होतो. मला ती बातमी तेव्हा कळलीसुद्धा नव्हती.

कागद घडवण्याची गोष्ट निघाली, म्हणून एक आपल्या मराठवाड्यातली गोष्ट सांगायची राहिली. बी. एड्. ला असताना आमची सहल दौलताबाद आणि वेरूळला गेली होती. दौलताबादहून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव लागते. नावातच सगळे आले. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इथे आले, असे सांगतात. त्यांचे वंशज ते कागजी. तिथे मी जे पाहिले, ते असे: शिवणकामात उरलेल्या सुती चिंध्यांचा ढीग, त्या चिंध्या कुटून केलेला लगदा, पाण्याचा हौद. कारागीर जाळीची चौकट हौदात तिरपी बुडवून वर काढतो, हलकेच हलवतो, पाणी गळून जाते आणि जाळीवर सायीसारखा थर राहतो. तो थर कापडावर उलटा टाकायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचा. झाला कागद! कुणाच्या तरी सदऱ्याच्या कातरणाचा.

मी तिथून एक कागद विकत आणला. जाड, पांढुरका, कडा ओबडधोबड. बारा वर्षे झाली. त्यावर मी अजून एक अक्षरही लिहिलेले नाही. लिहिण्याइतके मोलाचे काही सुचत नाही, हे एक कारण. आणि भीती, हे दुसरे.

तर मित्रांनो, पुढच्या वर्षी पुन्हा प्रदर्शन आले. मी या वेळी विषयाचे नाव फळ्यावर लिहिलेच नाही. एवढेच सांगितले, की आठ दिवस वाटेत जे कागद दिसतील ते उचला आणि ते कुठे सापडले, ते मागे लिहून ठेवा. काम कशाचे करायचे, ते नंतर ठरवू. तो मुलगा आता आठवीत होता आणि माझ्या वर्गात नव्हता. मी त्याला बोलावले. तो आला, पण काही आणले नव्हते. एकदा जळालेले पुन्हा कशाला करायचे, असा त्याचा चेहरा होता. मी त्याला दोष देत नाही.

मी घरून दादीचे गाठोडे नेले होते. दादी २०१६ साली गेली. तेव्हापासून ते माझ्या कपाटात आहे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी एकेक कागद मांडला. मुले भोवती जमली. पोस्टकार्डे वाचायला तर भांडणे झाली. "आपा, म्हशीचं पुढे काय झालं?" असे एका मुलीने विचारले. मलाच ठाऊक नव्हते!

तो मुलगा पत्रांकडे वळला नाही. तो एस. टी. च्या तिकिटांपाशी थांबला. हल्लीचे तिकीट यंत्रातून निघते. त्यावर शाई नसते, उष्णतेने कागद काळा होऊन अक्षरे दिसतात आणि काही महिन्यांत ती पुसट होतात. म्हणजे त्याची ती आगगाडी जळाली नसती, तरी एव्हाना तिचे डबे कोरे झाले असते. हे मी त्याला सांगितले नाही. सांगून माझी चूक लहान होणार नव्हती. दादीकडची तिकिटे मात्र जुनी, छापील होती. लहान, रंगीत, खरखरीत कागदाची. कंडक्टरने चिमट्याने पाडलेली भोके त्यांवर अजून स्पष्ट होती.

त्याने एक तिकीट उचलले आणि उलटसुलट करून पाहिले.

"हे घेऊ?"

माझा हात पुढे झाला होता, ते परत घेण्यासाठी. खोटे कशाला सांगू? दादीने सुईने सोडवलेले, त्या भिंतीतून आलेले ते तिकीट होते. गाठोड्यातला एकही कागद आजवर घराबाहेर गेला नव्हता.

"घे," मी म्हणाले.

त्याने ते डोळ्याजवळ नेले आणि भोकातून खिडकीकडे पाहिले. मग म्हणाला, "आपा, ही गाडी कुठं गेली होती?"

जुन्या तिकिटावर गावाचे नाव नसते, फक्त भाड्याचा आकडा असतो. दादा सोलापूरला जाताना ते मिळाले, की परत येताना, की ते आणखी कुणाचे होते आणि दादीने रस्त्यावरून उचलले होते, हे मला सांगता आले नाही. घंटा झाली. त्याने ते तिकीट दप्तरात टाकले नाही आणि खिशातही घातले नाही. दोन बोटांत धरून तो वर्गाबाहेर गेला.